पाठीला हात लावण्याचा अधिकार

माझा दवाखाना साताऱ्यात आणि माहेर सांगलीत. महिन्यातून एक-दोनदा उंब्रज, कराड, आष्टा असा प्रवास घडतोच. या रस्त्यावरील पाट्या वाचण्याची मला सवय जडली आहे. कोणत्या काळात माणसांना काय दुखते, हे पाट्यांइतके नेमकेपणाने दुसरे कोणी सांगत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मुतखडा आणि मूळव्याध यांचे राज्य होते. आता मणक्याचे आहे. ‘गादी सरकली आहे?’, ‘नस दबली आहे?’, ‘शस्त्रक्रियेविना मणक्याचे उपचार’ आणि अलीकडे ठळक रंगीत अक्षरांत ‘कायरोप्रॅक्टिक’. काही पाट्यांवर पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो. काहींवर केवळ मोबाइलचा क्रमांक असतो. या दोन क्रमांकांतील फरकाविषयी मला लिहावयाचे आहे, कारण त्या फरकापायी एका कुटुंबाची झालेली ओढाताण मी जवळून पाहिली आहे.

पाठदुखी आमच्या भागाला नवी नाही. ऊसतोडणी, सांगलीच्या बाजारातील हळदीची पोती, तालमीतली कुस्ती, घराघरांतील विहिरीचे पाणी आणि वाकून केलेली भांगलण. पाठ झिजवणारी कामे येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्यामुळे पाठीचे उपायही पूर्वीपासूनचे. तालमीतले वस्ताद निखळलेला खांदा बसवीत, गावोगावचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून हात जोडीत. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा शोध होई. जो पायांकडून जन्मला, त्याने कंबरेला पाय लावला की उसण जाते, ही समजूत माझ्या आजीच्याही घरी होती. तिची थट्टा करावी असे मला कधी वाटले नाही. साधी उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपण ओसरते. श्रेय मात्र त्या सुमारास ज्याचा हात वा पाय पाठीला लागला त्याला मिळते. पायाळू माणूस हलकेच पाय लावी, पैसे घेत नसे आणि ‘पुढील दहा बैठकींचे पॅकेज’ही सांगत नसे. मणक्याच्या उपचारांचा सगळा इतिहास समजून घेताना ही आपोआप ओसरण्याची गोष्ट मनात ठेवणे फार उपयोगी पडते.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणक्यांच्या सांध्यांना हाताने नेमका झटका वा दाब देण्याची पद्धती. ती जन्मली अमेरिकेत, आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी. डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ त्यापूर्वी चुंबकीय उपचार करीत. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असे त्यांनी सांगितले. बहुतेक सर्व आजारांचे मूळ मणक्यांच्या जागा सोडण्यात आहे, असा सिद्धान्त त्यांनी यावरून मांडला. हा सिद्धान्त आजच्या शरीरशास्त्रात टिकत नाही. तो ‘कट्’ असा आवाज येतो, तोही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होते, त्याचा तो आवाज असतो. बोटे मोडताना येतो तोच. परंतु साध्या कंबरदुखीत हातांनी केलेल्या या उपचाराने काही रुग्णांना थोडाफार आराम पडतो, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील फिजिशियन मंडळींच्या संघटनेने २०१७ साली कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, तीत गोळ्यांपूर्वी करून पाहावयाच्या उपायांमध्ये शेक, मालीश, व्यायाम यांच्या जोडीला मणक्यावरील हस्तोपचारही आहे. दमा, बहिरेपणा, लहान मुलांचे पोटदुखीचे रडणे यांवर मात्र त्याचा उपयोग होतो असे दाखविणारा भरवशाचा पुरावा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या मंडळींनी मान्यतेसाठी दिलेला लढा विलक्षण आहे. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली स्वतः पामर तुरुंगात गेले. त्यांच्यामागून अनेक अनुयायी गेले. तुरुंगवासाने चळवळ मोडली नाही, उलट तिला सहानुभूती मिळाली. १९१३ साली कॅन्सस राज्याने पहिला परवाना कायदा केला. शेवटचे लुइझियाना राज्य १९७४ साली तयार झाले. साठ वर्षे एकेका राज्याच्या विधिमंडळाच्या पायऱ्या झिजविण्याचे हे काम त्यांच्या संघटनांनी केले. १९७०च्या दशकाच्या आरंभी वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेतही त्यांनी प्रवेश मिळविला, मात्र मणक्यावरील हस्तोपचारापुरताच. ती मर्यादा सैल व्हावी यासाठी अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशन आजही तेथील संसद सदस्यांना भेटत असते.

या कथेत माझ्या व्यवसायाचे वागणे शोभणारे नव्हते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टर मंडळींना संपविण्यासाठी एक समितीच नेमली होती आणि आपल्या सदस्यांनी त्यांच्याशी कोणताही व्यावसायिक संबंध ठेवू नये, असा दंडक घातला होता. चेस्टर विल्क आणि त्यांचे सहकारी १९७६ साली न्यायालयात गेले. अकरा वर्षांनी, १९८७ साली, न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी तो बहिष्कार बेकायदेशीर ठरविला. अनेकांना वाटते की त्या निकालाने कायरोप्रॅक्टिक शास्त्रशुद्ध ठरले. तसे नाही. बहिष्कार चुकीचा, एवढेच न्यायालयाने सांगितले. उपचार खरा की खोटा हे न्यायालय ठरवीत नाही आणि डॉक्टरांच्या संघटनेचा ठरावही ठरवीत नाही. ते रुग्णांच्या नोंदी ठरवितात. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे वाक्य पसंत पडणार नाही, पण ते मी लिहून ठेवते.

मान्यतेमुळे काय बदलले, हे ब्रिटनमधील एका प्रकरणात चांगले दिसते. तेथे १९९४ साली कायरोप्रॅक्टरांसाठी कायदा झाला आणि नोंदणी करणारी परिषद स्थापन झाली. २००८ साली सायमन सिंग या विज्ञानलेखकाने, लहान मुलांच्या आजारांवर या मंडळींचे दावे निराधार आहेत, असे वृत्तपत्रात लिहिले. त्यांच्या ब्रिटनमधील संघटनेने लेखकावर व्यक्तिशः अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. दोन वर्षांनी, २०१० साली, तो मागे घ्यावा लागला आणि पुढे २०१३ साली तेथील अब्रुनुकसानीचा कायदाच बदलला. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मधल्या काळातील घटना. संतापलेल्या सामान्य नागरिकांनी निराधार दावे करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांविरुद्ध त्याच परिषदेकडे शेकडो तक्रारी दाखल केल्या. संघटनेनेच मागून घेतलेला कायदा, आणि त्याच कायद्याने उघडलेल्या दारातून तक्रारदार आत आले. व्यवसायाला मान्यता मिळते म्हणजे नेमके काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याची जागा निर्माण होते.

आपल्याकडे ती जागा आहे का? कायरोप्रॅक्टिकसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, परिषद नाही, नोंदवही नाही. परदेशात काही वर्षे रीतसर शिकून आलेले मोजके लोक मोठ्या शहरांत काम करतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यांच्या पाटीवरील शब्द आणि चार चित्रफिती पाहून झटका द्यायला शिकलेल्या माणसाच्या पाटीवरील शब्द एकच आहे. दोघांना वेगळे करणारी नोंदवही नसल्याने सामान्य माणसाने ओळखावे कसे?

कोरेगाव तालुक्यातील एका ७२ वर्षांच्या आजींना गतवर्षी पाठदुखी सुरू झाली. मुलगा पुण्यात नोकरीला, घरी सूनबाई आणि नातू. नातवाने मोबाइलवर ‘कट् कट्’ आवाजाच्या चित्रफिती दाखविल्या. त्यात लोक वाकडे येतात आणि हसत सरळ होऊन जातात. त्याच सुमारास जवळच्या एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचे ‘मणका शिबिर’ लागले. प्रत्येकी ५०० रुपये. सूनबाई सासूबाईंना घेऊन गेल्या. कोणी काही विचारले नाही, तपासले नाही. पालथे झोपविले आणि पाठीवर जोराचा दाब दिला. “मॅडम, कट् दिशी आवाज आला, आन् सासूबाई ओरडल्या,” सूनबाई मला सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी आजींना कुशीवर वळताही येईना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. क्ष-किरण चित्रात पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावरील एक मणका पुढून चेपलेला होता.

पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत स्त्रियांची हाडे विरळ होत जातात. इतकी, की जोराची शिंक वा पाण्याची बादली उचलणे पुरते. त्यामुळे तो मणका शिबिरापूर्वीच चेपला होता की शिबिरातील दाबाने चेपला, हे आता कोणालाही छातीठोक सांगता येणार नाही. कारण त्याआधीची नोंदच नाही. रीतसर शिकलेल्या माणसाने दाब देण्यापूर्वी वय, वजन, जुने अस्थिभंग, स्टेरॉइडच्या गोळ्या यांची विचारपूस केली असती, कागदावर लिहिली असती आणि बहुधा हात आवरता घेतला असता.

आजींचा मुलगा पुण्याहून आला. आधी बायकोवर रागावला, मग शिबिरवाल्यांवर. सूनबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मॅडम, तक्रार तरी कुणाकडं करायची?” माझ्याविरुद्ध तक्रार असती तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, असे मी सांगू शकले असते. येथे काय सांगणार? ग्राहक आयोग आहे, पोलीस आहेत. पण पावती नव्हती, कागद नव्हता, नाव अर्धे होते आणि मोबाइल बंद होता. त्या माणसाने स्वतःला डॉक्टर म्हटले नव्हते, औषधही दिले नव्हते, म्हणून बोगस डॉक्टर शोधणाऱ्या यंत्रणेच्या जाळ्यातूनही तो अलगद निसटत होता. त्या घरात दोष देण्यासाठी हाताशी असलेली एकमेव व्यक्ती म्हणजे सासूची मनापासून काळजी घेणारी सून. घरोघरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या वाट्याला हे किती सहज येते, ते या पाक्षिकाच्या वाचकांना मी निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील फिजिओथेरपिस्ट मंडळींची वाटचाल पाहण्यासारखी आहे. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. १९५५ साली इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही संघटना स्थापन झाली. आता कराडच्या कृष्णा विद्यापीठातूनही दरवर्षी मुले-मुली हे शिक्षण घेऊन बाहेर पडतात. महाराष्ट्रात २००२च्या कायद्यान्वये व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद झाली. देशपातळीवर मात्र कायद्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. ‘राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग’ असे त्याचे लांबलचक नाव. फिजिओथेरपीसह दहा गटांतील पन्नासहून अधिक व्यवसाय त्याच्या यादीत आहेत. कायरोप्रॅक्टिक त्यात नाही.

गेल्या सप्टेंबरात ही मंडळी एकाएकी बातम्यांत आली. आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे ‘पीटी’ लावावे, असे म्हटले होते. ९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढून ‘डॉ.’ लावू नये असे कळविले आणि १० सप्टेंबरला तेच पत्र अधिक विचारासाठी मागे घेतले. दोन्ही बाजूंच्या संघटना तावातावाने बोलल्या. आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन असतो, आणि त्या वर्षीचा विषय होता वार्धक्य: म्हाताऱ्या माणसांचे पडणे आणि अशक्तपणा व्यायामाने कसा टाळावा. त्याविषयी मी वाचत असलेल्या वृत्तपत्रांत दोन ओळीही दिसल्या नाहीत. नावाआधीच्या दीड अक्षराने सगळी जागा खाल्ली.

‘डॉ.’च्या वादात माझे मत विचाराल तर रुग्णाची फसगत होऊ नये एवढेच ते आहे. ‘पीटी’ हे अक्षर पाटीवर ‘डॉ.’इतकेच मोठे असावे, मग माझी हरकत नाही. दोन्ही बाजूंच्या संघटनांनी या वादात घातलेल्या शक्तीच्या निम्मी शक्ती, ज्यांच्याकडे कोणतेही अक्षर नाही अशा मंगल कार्यालयातील शिबिरांवर खर्च करावी, असे मात्र मला फार वाटते. संघटनेने आपल्याच सदस्यांना आवर घालणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. अमेरिकेतील ज्या संघटनेचा वर उल्लेख केला, तिनेच २०१७ साली आपल्या सदस्यांना जाहीरपणे सांगितले की धोक्याची लक्षणे नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत मणक्याची क्ष-किरण चित्रे काढू नका. त्या व्यवसायात क्ष-किरण चित्रांचा सोस जुना. ते उत्पन्न सोडण्यास सांगणे सोपे नव्हते. आमच्याकडेही कंबर दुखली की पहिल्याच दिवशी एमआरआय सांगितला जातो, तेव्हा मला त्या पत्रकाची आठवण होते.

ती धोक्याची लक्षणे घरातील प्रत्येकाने जाणून घ्यावीत. लघवी तुंबणे वा नकळत होणे, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पायांतील जोर एकाएकी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, आडवे झाल्यावरही न थांबणारी रात्रीची वेदना, किंवा साठीनंतर किरकोळ पडल्यावर सुरू झालेले दुखणे असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी. तोवर पाठीला कोणाचाही जोर लागू देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. आणि मान? म्हाताऱ्या माणसाची मान झटक्याने कोणीही वळवू नये. केशकर्तनालयात दाढीनंतर मान ‘मोडून’ देण्याची प्रथा आमच्या भागात अजून आहे, ती प्रेमाने पण ठामपणे नाकारावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने चीर पडू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडल्यास उलटविता येत नाही.

उपचारासाठी कोणाकडेही जाताना, माझ्याकडे येतानाही, नोंदणी क्रमांक कोणता आणि कोणत्या परिषदेचा हे विचारण्यास संकोच करू नये. पावती मागावी. ‘काय करणार आहात आणि ते न केल्यास काय होईल?’ हा प्रश्न विचारून पाहावा. रीतसर शिकलेला माणूस त्याने रागावत नाही.

आजींचे दुखणे कमी होण्यास दोन-अडीच महिने लागले. वेदनाशामक, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडे बळकट करण्याचे औषध, आणि साताऱ्यातील एका तरुण, नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट मुलीची मदत. तिने पाठीला झटका दिला नाही की आवाज काढला नाही. कुशीवर वळून हाताच्या आधाराने कसे उठावे, खुर्चीवरून हात न टेकता कसे उभे राहावे, ओट्याला धरून टाचा कशा उचलाव्यात, हे ती शिकवीत राहिली. दुसऱ्या भेटीनंतर आजींनी मला विचारले, “कट् काय झालंच न्हाई, मग त्या पोरीला पैसं कशाचं द्यायचं?” सूनबाई पहिल्यांदाच हसताना मी तेव्हा पाहिल्या. आता सकाळी चहा उकळेपर्यंत आजी ओट्याला धरून टाचा उचलतात, सून मोजते. नातवाने न्हाणीघराच्या दाराशी रात्रीचा दिवा आणि आत धरायला लोखंडी दांडी बसविली आहे. ती त्याने आजींच्या उंचीला मापून लावली, त्यामुळे त्याला स्वतःला मात्र वाकावे लागते.